ब्याण्णव म्हणजे अर्धी वाट

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांच्या गप्पांत ‘लेव्हल’ हा शब्द सतत येतो. ‘माझा योद्धा चाळिसाव्या लेव्हलला पोचला’, ‘तुझा अजून पंचविसावरच?’ अशी वाक्ये मधल्या सुटीत कोणत्याही शाळेत कानावर पडतील. मोठ्यांना ही भाषा परकी वाटते आणि बहुधा संभाषण तिथेच थांबते. पण या लेव्हलच्या मागे आपल्या पाठ्यपुस्तकातल्याच श्रेढी, घनसंख्या, घातांक आणि लॉगरिदम असतात. शिवाय ‘पुढची लेव्हल लवकरात लवकर कशी गाठायची?’ हा मुलांचा प्रश्न म्हणजे विज्ञानातल्या एका परिचित प्रश्नाचेच रूप आहे: वेळ मर्यादित असेल, तर तो कुठे खर्च करावा? या लेखात त्या प्रश्नाकडे थोडे बारकाईने पाहू या.

अनुभव मोजायचा कसा?

भूमिका घेऊन खेळायच्या या खेळांची सुरुवात संगणकावर झाली नाही. ती कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार असे एखादे पात्र होतो. पात्राने केलेल्या पराक्रमाबद्दल त्याला गुण मिळतात. त्यांना आपण अनुभव-गुण म्हणू. ठरावीक गुण साठले की पात्र एक पायरी वर चढते, म्हणजे त्याचे बळ आणि मार सोसण्याची क्षमता वाढते. ही पायरी म्हणजे लेव्हल किंवा पातळी. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमने ही पद्धत तिथल्या घराघरांत नेली, आणि आज असंख्य खेळांत ती दिसते.

इथे दोन वेगळ्या संख्या आहेत, हे आधी नीट लक्षात घेऊ. अनुभव-गुण ही साठत जाणारी बेरीज आहे. पातळी त्या बेरजेवरून एका कोष्टकाने काढली जाते, आणि हे कोष्टक खेळ रचणाऱ्याने ठरवलेले असते. मुले पातळीबद्दल बोलतात, पण त्यांचा वेळ खर्च होतो तो गुण मिळवण्यात. म्हणून कोष्टक कसे वाढते, हे समजल्याशिवाय ‘लवकर’ या शब्दाला काही अर्थ येत नाही.

चढाच्या निरनिराळ्या शिड्या

१९७४च्या मूळ खेळात योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागत. पुढच्या पातळ्यांना ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,००० आणि ६४,०००. म्हणजे इथवर ही सरळसरळ भूमितीय श्रेढी आहे. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट धान्य ठेवण्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो, तीच ही. नंतरच्या पायऱ्या १,२०,००० आणि २,४०,००० अशा पूर्णांकी केलेल्या आहेत.

याच खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली आली, तेव्हा कोष्टक बदलले. आता पायऱ्या होत्या १,०००, ३,०००, ६,०००, १०,०००, १५,०००. लागोपाठच्या संख्यांतील फरक काढून पाहा: २,०००, ३,०००, ४,०००, ५,०००. पायरीची उंची दर वेळी १,००० ने वाढते. या संख्यांना १,००० ने भागले की १, ३, ६, १०, १५ या त्रिकोणी संख्या मिळतात. या हिशेबाने विसाव्या पातळीला १,९०,००० गुण पुरतात. दुपटीची शिडी तशीच चालू राहिली असती, तर विसाव्या पातळीसाठी ५२ कोटींहून अधिक गुण लागले असते!

तिसरी शिडी ‘पोकेमॉन’ची. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या छोट्या यंत्रासाठी हा खेळ आला. त्यातल्या बऱ्याच प्राण्यांसाठी नियम अगदी सोपा आहे: जितकी पातळी, तिचा घन करा. दहाव्या पातळीला १,००० गुण, पन्नासाव्या पातळीला १,२५,००० आणि शंभराव्या म्हणजे शेवटच्या पातळीला १०,००,०००. काही प्राणी लवकर वाढतात, त्यांना या घनाच्या चार पंचमांश गुण लागतात. काही सावकाश वाढतात, त्यांना सव्वापट.

प्राण्यांच्या आणखी एका गटासाठी थोडे गुंतागुंतीचे सूत्र होते: पातळीच्या घनाची १.२ पट, त्यातून वर्गाची १५ पट वजा, मग पातळीची १०० पट अधिक आणि शेवटी १४० वजा. या सूत्रात पातळी १ घालून पाहा. उत्तर येते उणे ५३.८! नेहमीच्या खेळात या पातळीचा प्राणी मिळतच नसे, त्यामुळे बिघडत नव्हते. पण खेळातल्या एका दोषाचा फायदा घेऊन काहींनी तसा प्राणी मिळवला. यंत्र ही संख्या २४ द्विमान अंकांत साठवत असे आणि त्यात ऋण संख्येला जागा नव्हती. त्यामुळे उणे ५४ ऐवजी १,६७,७७,१६२ ही संख्या नोंदली जाई. अशा प्राण्याला लढाईत ५४ पेक्षा कमी गुण मिळाले, की तो एकदम शंभराव्या पातळीवर जाऊन बसे. सूत्र कोणत्या किमतींसाठी खरे आहे हे आधी तपासावे, असे आपण मुलांना सांगतो. त्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सात पायऱ्यांत दुप्पट

चौथी शिडी सर्वांत शिकवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेला ‘रूनस्केप’ हा खेळ २००१ साली सुरू झाला. त्याची जुनी आवृत्ती २०१३ पासून पुन्हा खेळता येते. त्यात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक अशी अनेक कौशल्ये आहेत आणि प्रत्येकाची पातळी १ पासून ९९ पर्यंत चढते. काही पातळ्या आणि त्यांना लागणारे एकूण गुण असे:

पातळी ५०: १,०१,३३३
पातळी ५७: २,०३,२५४
पातळी ६४: ४,०७,०१५
पातळी ७१: ८,१४,४४५
पातळी ७८: १६,२९,२००
पातळी ८५: ३२,५८,५९४
पातळी ९२: ६५,१७,२५३
पातळी ९९: १,३०,३४,४३१

दर सात पातळ्यांना एकूण गुण जवळजवळ दुप्पट होतात. म्हणजे प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा साधारण १०.४ टक्क्यांनी उंच आहे. चक्रवाढ व्याजाचा ‘७२ चा नियम’ आपल्याला माहीत आहे: ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, ते अंदाजे कळते. ७२ भागिले १०.४ म्हणजे सुमारे ७. खेळाचे कोष्टक आणि बँकेचे पासबुक इथे एकच गणित सांगतात.

आता शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. ब्याण्णवाव्या पातळीवर पोचलेल्या मुलाला वाटते, ९९ पैकी ९२ झाल्या, सातच उरल्या. म्हणजे ९३ टक्के काम झाले. प्रत्यक्षात त्याच्याकडे लागणाऱ्या गुणांपैकी निम्मेच आहेत. पन्नासाव्या पातळीवरचा मुलगा स्वतःला मध्यावर समजतो, पण त्याने शंभरातला एक भागही पुरा केलेला नसतो.

याचे कारण असे, की या खेळात पातळी हा अनुभव-गुणांचा लॉगरिदम आहे. भूकंपाची तीव्रता, आवाजाचे डेसिबल, आम्लाचा सामू ही मापेही अशीच असतात. सामू एकाने कमी झाला की आम्लता दहापट होते, हे विद्यार्थी पाठ करतात, पण त्यांच्या अंगवळणी पडत नाही. इथे दहापट व्हायला सुमारे २३ पातळ्या लागतात. लॉगरिदमच्या मापावर सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या सारख्या नसतात, ही गोष्ट ब्याण्णव आणि नव्याण्णवच्या उदाहरणाने चटकन पटते.

लढाया किती?

कोष्टक ही नाण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू मिळकतीची. खेळात पुढे जावे तसे एका लढाईचे गुणही वाढतात. मग पुढची पातळी गाठणे अवघड होत जाते की सोपे?

पहिल्या पोकेमॉन खेळात रानातल्या प्राण्याला हरवल्यावर मिळणाऱ्या गुणांचे सूत्र असे होते: त्या जातीचा ठरलेला अंक गुणिले त्याची पातळी, भागिले ७. सोयीसाठी जातीचा अंक ७० धरू. मग दहाव्या पातळीच्या प्रतिस्पर्ध्याकडून १०० गुण मिळतील, पन्नासाव्याकडून ५०० आणि नव्वदाव्याकडून ९००.

आपला प्राणीही प्रतिस्पर्ध्याच्याच पातळीचा आहे असे समजू आणि घनाचे कोष्टक वापरू. दहावरून अकरावर जायला १,३३१ वजा १,००० म्हणजे ३३१ गुण लागतील, म्हणजे ४ लढाया. पन्नासवरून एक्कावन्नवर जायला ७,६५१ गुण, म्हणजे १६ लढाया. नव्वदवरून एक्क्याण्णववर जायला २४,५७१ गुण, म्हणजे २८ लढाया. पायरीची उंची पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि मिळकत पातळीच्या प्रमाणात. भागाकार केला की लढायांची संख्या पातळीच्या प्रमाणात वाढते. बीजगणितात आपण घाताचे नियम शिकवतो, त्याचा हा सरळ उपयोग आहे.

आता दुसरा खेळाडू पाहू. त्याला हरण्याची भीती वाटते, म्हणून तो पन्नासाव्या पातळीवर पोचूनही दहाव्या पातळीच्या प्राण्यांशीच लढत राहतो. त्याला दर लढाईत १०० गुण मिळतात. पुढच्या पायरीसाठी त्याला ७७ लढाया कराव्या लागतील. सोप्या जागी मुक्काम ठोकला की श्रम जवळजवळ पाचपट होतात.

दर लढाईला किती, की दर मिनिटाला किती?

यावरून कोणी म्हणेल, सर्वांत बलवान शत्रू गाठावा, म्हणजे झाले. अनेक मुले असेच करतात. इथे एक घटक विसरला जातो, तो म्हणजे वेळ. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

पहिली जागा सोपी आहे. एका लढाईत १०० गुण मिळतात, अर्धा मिनिट लागतो आणि हार कधीच होत नाही. म्हणजे मिनिटाला २०० गुण.

दुसऱ्या जागी एका लढाईत ४०० गुण मिळतात आणि एक मिनिट लागतो. पण दहात एकदा हार होते आणि हरल्यावर परत यायला ३ मिनिटे जातात. दहा लढायांत ३,६०० गुण आणि १३ मिनिटे. म्हणजे मिनिटाला सुमारे २७७ गुण.

तिसऱ्या जागी एका लढाईत ९०० गुण मिळतात, पण दोन मिनिटे लागतात आणि दहात पाचदा हार होते. दहा लढायांत ४,५०० गुण आणि ३५ मिनिटे. म्हणजे मिनिटाला सुमारे १२९ गुण.

दर लढाईच्या गुणांकडे पाहिले तर तिसरी जागा उत्तम. कधीच हरायचे नाही असे ठरवले तर पहिली उत्तम. वेळेच्या हिशेबात मात्र मधली जागा दोघींना मागे टाकते. थोडी हार पत्करावी लागते, पण ती परवडते. शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. सगळी उदाहरणे बरोबर येतील इतका सोपा गृहपाठ आणि निम्मी चुकतील इतका अवघड गृहपाठ, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी मुलांची प्रगती सर्वांत वेगाने होते, हा आपलाही अनुभव आहे.

हा फरक खऱ्या खेळातही दिसतो. रूनस्केपमध्ये विलो झाडाचा एक ओंडका तोडला की ६७.५ गुण मिळतात आणि यू झाडाच्या ओंडक्याला १७५. यू तोडायला साठावी पातळी लागते, विलोला तिसावी पुरते. साहजिकच नवा खेळाडू साठाव्या पातळीला पोचताच यूकडे धावतो. पण यूचा ओंडका हाती यायला फार वेळ लागतो. म्हणून ज्यांना फक्त गुण हवे असतात, असे अनुभवी खेळाडू यू सोडून विलोच तोडत बसतात. यूचे लाकूड विकून पैसे चांगले येतात, ती गोष्ट वेगळी. काय हवे आहे ते आधी ठरवल्याशिवाय ‘उत्तम’ काय, हे ठरत नाही.

जागा सोडायची केव्हा?

हाच प्रश्न जीवशास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या बाबतीत विचारला आहे. एका झुडपावर फळे खाणाऱ्या पक्ष्याने दुसऱ्या झुडपाकडे केव्हा जावे? सुरुवातीला फळे भराभर मिळतात, मग शोधावी लागतात. दुसरीकडे भरपूर फळे असतील, पण उडत जाण्यात वेळ आणि शक्ती जाईल. एरिक चार्नोव्ह या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७६ साली याचे उत्तर गणिताने मांडले. सध्याच्या जागी मिळकतीचा वेग कमी होत होत, प्रवासाचा वेळ धरून साऱ्या परिसरात मिळणाऱ्या सरासरी वेगाइतका उतरला, की ती जागा सोडावी. यातून एक भाकीतही निघते: झुडपे एकमेकांपासून जितकी दूर, तितका पक्षी एका झुडपावर जास्त वेळ थांबेल.

खेळाडूचेही असेच असते. नवा प्रदेश गाठायला नवी शस्त्रे, औषधे, वाट शोधणे असा खर्च येतो. तो खर्च मोठा असेल तर जुन्या जागी थोडे अधिक थांबणे शहाणपणाचे. अनेक खेळाडू चाचपडत या नियमाच्या जवळ येतात. विद्यार्थ्यांनी तो आकड्यांत मांडून पाहावा, एवढेच आपण सुचवायचे.

जे मोजले जाते ते वाढते

आतापर्यंत आपण नियम गृहीत धरले आणि त्यांत सर्वांत जलद मार्ग शोधला. आता उलट बाजूने पाहू: नियम बदलले की माणसे कशी बदलतात?

मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये बहुतेक गुण मिळत ते खजिन्याबद्दल. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने थोडे होते. परिणाम असा, की हुशार खेळाडू लढाई टाळत. राक्षसाला गुंगारा देऊन, फसवून किंवा झोपलेला असताना खजिना पळवणे हाच कार्यक्षम मार्ग होता. खेळाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. गुण प्रामुख्याने शत्रू मारण्याबद्दल मिळू लागले, की ज्याला गुंगारा द्यायचा त्यालाच शोधून मारणे फायद्याचे ठरते. खेळाडू तेच, गुहा त्याच. बदलतो तो फक्त गुण देण्याचा नियम.

जपानमध्ये १९८८ साली आलेल्या ‘फायनल फँटसी २’ने तर पातळ्याच काढून टाकल्या. तलवार वापराल तर तलवारीचे कौशल्य वाढेल, मार खाल तर मार सोसण्याची ताकद वाढेल, असा नियम केला. कल्पना सुंदर आणि निसर्गाला धरून होती. पण खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आले, की शत्रूची वाट पाहण्यापेक्षा आपल्याच साथीदारांनी एकमेकांना बडवले तर ताकद अधिक वेगाने वाढते!

२००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ या खेळात याहून विलक्षण स्थिती आली. त्यात खेळाडूने निवडलेल्या सात मुख्य कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या, की पातळी चढे. त्या वेळी ताकद, चपळाई यांसारख्या गुणधर्मांत १ ते ५ ची भर पडे. ५ ची भर हवी असेल, तर त्या गुणधर्माशी जोडलेल्या कौशल्यांत त्या पातळीत निदान दहा वाढी झालेल्या असाव्या लागत. शिवाय खेळाडूची पातळी वाढली की शत्रूही बलवान होत. त्यामुळे जो सहजपणे, आपल्या आवडीने खेळे, त्याची पातळी भराभर चढे, पण भर कमी पडे. पातळी चढूनही तो शत्रूंच्या तुलनेत दुबळा होई. काटेकोर खेळाडू कागदावर प्रत्येक वाढीची नोंद ठेवत. काही जण तर जे कौशल्य कधीच वापरायचे नाही, तेच मुख्य म्हणून निवडत, म्हणजे पातळी आपल्या हातात राहील. पातळी चढणे हेच नुकसानीचे ठरावे, इतका मापाचा आणि मोजायच्या गोष्टीचा संबंध सुटला होता.

या तिन्ही उदाहरणांत खेळाडूंनी लबाडी केलेली नाही. जे मोजले जात होते ते त्यांनी वाढवले, इतकेच. परीक्षेचे गुण हेही एक माप आहे आणि आपले विद्यार्थीही बुद्धिमान आहेत. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणारा मुलगा आणि साथीदाराला बडवून ताकद वाढवणारा खेळाडू यांचा विचार एकाच पद्धतीने चालतो. त्याला दोष देण्याआधी आपण कशाला गुण देत आहोत, हे तपासून पाहणे बरे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. रूनस्केपच्या वरील कोष्टकाचा आलेख साध्या आलेख कागदावर काढायला सांगा. मग गुणांऐवजी गुणांचे लॉगरिदम घेऊन दुसरा आलेख काढायला सांगा. पहिला वक्र शेवटी उभा चढतो, दुसरा जवळजवळ सरळ रेषा येतो. दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावा.

२. या कोष्टकातील पायरीची उंची काढण्याचे सूत्र असे: दोनचा (पातळी भागिले ७) इतका घात काढा, त्याला ३०० ने गुणा, त्यात पातळी मिळवा आणि चाराने भागा. पहिल्या पातळीसाठी उत्तर ८३ येते, आणि दुसऱ्या पातळीला खरोखर ८३ गुणच लागतात. पुढच्या काही पायऱ्या मुलांनी काढाव्यात.

३. मुले जो खेळ खेळतात, त्यातील लागोपाठच्या पातळ्यांना लागणारे गुण लिहून आणायला सांगा. फरक काढा, फरकांचे फरक काढा. दुसरा फरक स्थिर आला तर त्रिकोणी संख्यांसारखी शिडी, तिसरा फरक स्थिर आला तर घनाची. गुणोत्तर स्थिर आले तर चक्रवाढीची.

४. शेवटचा हिशेब प्रत्येकाने स्वतःसाठी करावा. समजा, एखाद्याला तासाला ५०,००० गुण मिळतात. ब्याण्णववरून नव्याण्णववर जायला ६५,१७,१७८ गुण हवेत, म्हणजे सुमारे १३० तास. रोज दोन तास खेळले तर ६५ दिवस. स्वतःच्या खेळाचा, स्वतःच्या वेगाचा असाच आकडा काढून तो वहीत लिहावा. त्यानंतर ते तास खेळाला द्यायचे की नाही, हे त्या मुलाने ठरवावे. आपण त्या आकड्याखाली बरोबरची खूण करावी आणि वही परत द्यावी.